‘उर्वरित भार काढा’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

ऐरोलीची अनुवादक: महाप्याच्या एका डेटा सेंटरसाठी सूचनाकार्ड मराठीत करतेय. सर्व्हर बंद करायचा, मागच्या दोन्ही पॉवर सप्लायच्या केबल काढायच्या (एकच काढली तर दुसरीवर वीज येतच राहते), मग पुढचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. आत राहिलेला चार्ज त्याने निघून जातो. झाकण त्यानंतरच उघडायचं. मी लिहिलं, ‘उर्वरित भार काढून टाकावा.’ काल एका नव्या मुलाने ते वाचून सगळ्या हार्ड डिस्क ओढून टेबलावर मांडल्या. ‘ताई, भार काढा लिहिलंय, म्हणून वजन कमी केलं.’ कुठली डिस्क कुठल्या खणातली, हेही लिहून ठेवलेलं नव्हतं. चूक माझ्या शब्दाची, त्याला बोल लावणार नाही. काय लिहू?

कळव्याचे मास्तर: ‘प्रभार’ लिहा. सातवीच्या विज्ञानात ‘स्थितिक विद्युत’ असा धडाच आहे, तिथे प्रभारच शिकवतो आम्ही. ‘भार’ म्हणजे लोड, म्हणून तर भारनियमन.

बेलापूर, निवृत्त: मास्तर, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं काढली. तिथे प्रभार म्हणजे साहेब रजेवर गेले की दुसऱ्याकडे येणारं काम. ‘उर्वरित प्रभार सोडा’ असं कार्डावर दिसलं तर मला ती बदलीची ऑर्डर वाटेल.

नौपाड्यातला टीव्हीवाला: चार्जला चार्जच म्हणा. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब प्लग काढल्यावरही झटका द्यायची, उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झालेला आठवतोय. पंख्याचा कंडेन्सर तसाच. सर्व्हरच्या पॉवर सप्लायचा डबा तर उघडूच नये, बटण दाबलं तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरची खात्री नसते. हेही कार्डावर घाला.

मास्तर: दिनांक, क्रमांक, महापौर हे सावरकरांचे शब्दही सुरुवातीला लोकांना जड वाटले होते. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

टीव्हीवाला: दिनांक चुकला तर अर्ज परत येतो. इथे मुलाचा हात आत असतो.

मुरबाडकडची, सध्या घणसोली: ‘निचरा’ का नको? आमच्याकडे शेतातल्या पाण्याचा करतात. ‘करंटचा निचरा होऊ द्या.’

बेलापूर, निवृत्त: निचऱ्याला वाट काढून द्यावी लागते. धुतलेले तांदूळ रोवळीत ठेवले की पाणी आपोआप उतरतं, ते निथळणं. आई म्हणायची, ‘निथळू दे, घाई करू नकोस.’ इथेही थांबायचंच आहे ना?

घणसोली: पण बटण दाबतोय म्हणजे वाट काढूनच देतोय, काका. निचराच.

मास्तर: दोन्ही पाण्याचे शब्द. विजेला विजेचा शब्द हवा. अंगावरच्या स्थितिक विजेलाही निथळणं म्हणणार का?

टीव्हीवाला: ती वेगळी, मास्तर. ती माणसाच्या अंगावर साठते. चटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टला जाणवतो, चिप शंभराच्या आतही मरू शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा. त्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून मेनचा करंट लागलाच तर त्याच्यामुळे जीव वाचतो.

घणसोली: अंगावरच्या विजेवरून आठवलं. संस्कृतात अंबरला, म्हणजे झाडाच्या राळेच्या पिवळ्या मण्याला, तृणमणी म्हणतात, घासला की काडी ओढून घेतो म्हणून. फारसीत कहरुबा, तोही काडी पळवणारा. ग्रीकात त्याच मण्याचं नाव इलेक्ट्रॉन. ही वीज आहे हे ठाऊक नसतानाही आपल्याकडे तिचं काम नावात आलं होतं. मला हे फार सुंदर वाटतं.

बेलापूर, निवृत्त: तृणमणी! किती वर्षांनी ऐकला. आजीच्या जपमाळेत तसा पिवळा मणी होता, पदरावर घासून ती कापूस उचलून दाखवायची.

ऐरोलीची अनुवादक: तृणमणी जपून ठेवते. कार्ड सोमवारी छापायला जातंय, त्यामुळे ‘भार’ काढलाच. लिहिलंय, ‘दोन्ही केबल काढा. बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत बटण दाबून धरा.’ डब्याची सूचनाही घातली, आभार.

मास्तर: अर्थ पोचेल. पण प्रभार सोडलात, याचं वाईट वाटलं.

बेलापूर, निवृत्त: ‘विझेपर्यंत’ नको. आमच्या घरी दिवा विझत नसे, मालवत असे.

घणसोली: मालवतो आपण. हा आपोआप जातो, काका. विझतोच.