आधी लाइट गेली, मग नळ, मग फोन: तुमच्यावर अशी वेळ कधी आली होती?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात लाइट गेली. बाबा नुकतेच कोविडमधून उठलेले, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर. मशीन टीं टीं करत बंद पडलं, इन्व्हर्टरवर ते ओढेना, म्हटलं येईल पाच-दहा मिनिटांत. जवळ एक छोटा सिलिंडर होता तो लावला आणि त्याच्या काट्याकडे बघत बसले. लिफ्ट बंद, टाकीत पाणी चढेना, तासाभराने फोनची रेंज पण जायला लागली म्हणजे सिलिंडरवाल्याला सांगायचीही सोय नाही. मुंबईला वीज आणणाऱ्या कळवा-पडघ्याकडच्या लाइन ट्रिप झाल्या होत्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या होत्या, आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या ग्रिडपासून, म्हणजे विजेच्या जाळ्यापासून, तोडून चालू ठेवायची जी व्यवस्था १९८१ पासून आहे ती पण त्या दिवशी टिकली नाही, हे सगळं नंतर कळलं. लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या होत्या. सातव्या मजल्यावरचे काका, ज्यांच्याशी मी चार वर्षांत कधी धड बोलले नव्हते, ते आणि त्यांचा मुलगा स्कूटरवरून कुठून तरी भरलेला सिलिंडर घेऊन आले आणि आळीपाळीने खांद्यावर घेत चौदा मजले चढले. काकांचा शर्ट घामाने चिंब झाला होता, त्यांना पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

एक गोष्ट बंद पडली की तिच्या जिवावर चाललेली दुसरी, मग तिसरी कशी बसते ते मी त्या दिवशी पाहिलं. तुमच्याकडे आधी काय गेलं, मागोमाग काय गेलं, कुणी हात दिला, सगळं सविस्तर लिहा.

*

आमचं घर श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी वारा असा फिरला की कौलं पत्त्यांसारखी उडाली, आणि मागच्या वाडीत पोफळी मोडायला लागल्या, एकेक मोडताना कडाड आवाज, तो आवाज आईच्या डोक्यातून अजून जात नाही. संध्याकाळी दार उघडलं तर जिथे सावली असायची तिथे नुसतं आभाळ. श्रीवर्धनी रोठा सुपारी म्हणजे आमच्याकडे मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, सगळं त्यावरच, आणि नवीन झाड लावलं की सात-आठ वर्षं नुसतं पाणी घालायचं.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं. विहीर काठोकाठ भरलेली, पाऊस सुरू झालेला, आणि घरात प्यायला पाणी नाही, कारण विजेचे खांब आडवे झालेले आणि सगळं पाणी पंपावर. आमच्या विहिरीवर आजोबांच्या वेळचा रहाट होता, तो लाकूड कुजलं म्हणून आम्हीच काढून टाकला होता, मीच काढला होता खरं तर. पोहरा माळ्यावर सापडला पण दोर नव्हता. शेवटी होडीवाल्या शेजाऱ्याने होडीचा दोर दिला. लाइट यायला आम्हाला महिन्याच्या वर लागला, महिनाभर मी नि बायकोने ओढून पाणी काढलं, पहिल्या आठवड्यात दोघांचे तळहात सोलले. भाऊ मुंबईत, वर लॉकडाऊन, टॉवर पडलेले, आम्ही जिवंत आहोत हे त्याला चौथ्या दिवशी कळलं, गावातला एक मुलगा बाइक घेऊन रेंज मिळेपर्यंत गेला तेव्हा. जाताना त्याच्याकडे वहीचा कागद होता, त्यावर गावातल्यांचे नंबर आणि पुढे प्रत्येकाचा एका ओळीचा निरोप.

*

मी सांगलीची. आमच्याकडे पावसाळ्यात लोक दिवसातून दहा वेळा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट ते विचारतात, ४५ म्हणजे धोका. २००५ ला पाणी पावणेचोपन्न फुटांवर गेलं होतं, त्याची खूण भिंतीवर सासऱ्यांनी खिळ्याने कोरून ठेवलेली. ऑगस्ट २०१९ ला आम्ही काय केलं, सगळं सामान त्या खुणेच्या हातभर वर नेलं, गहू, कागदपत्रं, मुलीची पुस्तकं, आणि निवांत झालो. पाणी ५७ च्या वर गेलं! खूण बुडताना मी जिन्यात उभी होते बघा, पाणी हळूहळू चढतं, आवाज नाही काही नाही, आणि सासरे खाली बघत नुसते गप्प. दुसऱ्या दिवशी आम्हाला गच्चीवरून बोटीत घेतलं. तिकडे शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कोल्हापूरचे पेट्रोल पंप कोरडे, इकडचं दूध मुंबईला जाईना. पुण्याची नणंद फोनवर दूध मिळत नाही म्हणत होती आणि मी कॅम्पात दुसऱ्याच्या साडीत बसलेले.

*

ऑस्टिन, टेक्सस. फेब्रुवारी २०२१. लोक विचारतात अमेरिकेत लाइट जाते का, म्हणून लिहितेय. थंडी शून्याखाली दहाच्याही खाली गेली आणि आमच्या घरात जवळजवळ तीन दिवस वीज नव्हती. इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाइप भिंतीत गोठले नि फुटले, वरच्यांच्या घरातून आमच्या हॉलमध्ये पाणी. मग शहराचं पाणी गेलं, आलं तेव्हा उकळून प्या म्हणाले, आणि उकळायचं कशावर, शेगडी इलेक्ट्रिक! फ्लशसाठी आम्ही पातेल्यात बर्फ भरून आणायचो, पातेलंभर बर्फाचं जेमतेम तळाला पाणी होतं.

माझा नवरा इंजिनियर आहे, त्याने नंतर सगळे रिपोर्ट वाचले. टेक्ससचं ग्रिड देशातल्या दोन मोठ्या ग्रिडपासून जवळपास वेगळं आहे, त्यामुळे बाहेरून मदत मागायला वाट अगदी अरुंद. वीज बऱ्याच अंशी गॅसवर होते, आणि गॅस विहिरीतून काढायला, पाइपातून ढकलायला परत वीज लागते. थंडीने गॅसच्या विहिरी गोठल्या, वीज कमी पडली, म्हणून काही भागांची वीज तोडली, तर त्यातच गॅसच्या पंपांचीही वीज तुटली आणि गॅस आणखी कमी झाला. पूर्ण ग्रिड कोसळायला फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, तसं झालं असतं तर परत उभं करायला आठवडे लागले असते. ४५ लाखांवर घरं अंधारात होती, सरकारी आकड्याप्रमाणेच २४६ माणसं गेली, कितीतरी जण स्वतःच्या घरात, अंथरुणात गारठून. आम्ही चौघे एका खोलीत, आईने इथे येताना हट्टाने बॅगेत कोंबून दिलेल्या दोन गोधड्यांखाली. तेव्हा मी तिच्याशी भांडले होते, वजन जास्त होतं म्हणून.

*

लातूरला मी डायलिसिस टेक्निशियन होतो, २०१६ साली. मांजरा धरण कोरडं, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं, पहिल्या गाडीला पाच लाख लिटर. लोकांना वाटतं तहान म्हणजे घागर. पण एका पेशंटच्या एका डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं, आणि ते आरओतून काढायचं तर त्याहून बरंच जास्त घालावं लागतं. टँकर यायला उशीर झाला की बाहेर बाकावर बसलेले पेशंट पायाची सूज दाबून बघायचे, बोट रुतलेला खड्डा भरतो का ते, आणि मग माझ्याकडे बघायचे. एका म्हाताऱ्या बाबांची सून एकदा रिक्षातून दोन कॅन घेऊन आली, म्हणाली आमच्यासाठी हे वापरा, घरचं पाणी आहे. ते मशीनला चालत नाही हे तिला सांगताना मला लई जड गेलं.

*

टोरांटोजवळ राहतो. ८ जुलै २०२२, एका मोठ्या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क स्वतःच केलेल्या अपडेटमुळे पहाटे बंद पडलं, एक कोटीहून जास्त ग्राहक. त्यासोबत देशभरची डेबिट कार्डं बंद. आमचा मोबाइल, घरचा फोन, इंटरनेट तिन्ही त्यांच्याकडेच, पॅकेज स्वस्त पडतं म्हणून. वडिलांना दुपारी छातीत दुखायला लागलं आणि ९११, म्हणजे इथला इमर्जन्सी नंबर, लागेना. मी रस्त्यावर पळत जाऊन समोरच्या पंजाबी बाईंचा फोन मागितला, त्यांची कंपनी वेगळी होती. वडील बरे आहेत. आता आमच्या घरात दोन कंपन्यांचे फोन असतात.

*

धागा मीच काढला होता, परत लिहितेय. लातूरचे दादा, तुमचं वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये आता एक कागद चिकटवलाय, कुणाच्या घरी कोणतं मशीन आहे, लाइट गेल्यावर ते किती वेळ चालतं, आणि आधी कुणाकडे धावायचं. लावला तेव्हा चार घरं होती, आता अकरा आहेत. सातव्या मजल्यावरचे काका आता त्या यादीत आहेत.

श्रीवर्धनवाले दादा, रहाट परत बसवला का हो?

*

नाही ताई, रहाट करणारा सुतार आता आमच्याकडे राहिला नाही. पोहरा नि नायलॉनचा दोर मात्र विहिरीवरच बांधून ठेवलाय, पावसाळ्याआधी एकदा मुलाकडून पाणी काढून घेतो. पोफळी लावल्यात परत. अजून धरल्या नाहीत.