१२७ दिवसांचा माग आणि १७९१चे शब्द

चौकस (धागाकर्ता): व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेतली जाऊ नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, असे अमेरिकेच्या राज्यघटनेची १७९१ची चौथी दुरुस्ती सांगते. डेट्रॉइट परिसरातील दरोड्यांच्या तपासात एफबीआयने वॉरंट न घेता, त्याहून सैल निकषावर मिळणाऱ्या न्यायालयीन आदेशाच्या आधारे, मोबाइल कंपन्यांकडून संशयित कार्पेंटरच्या १२७ दिवसांतील ठावठिकाण्याच्या १२,८९८ नोंदी मिळवल्या. ही झडतीच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. मला तो योग्य वाटतो, कारण दिवसाला सरासरी १०१ नोंदी हाती असल्यावर माणूस कोणत्या डॉक्टरकडे गेला आणि रात्री कुठे राहिला, हे घराचा उंबरठा न ओलांडताही कळते.

गोदाकाठ: असहमत. दुरुस्तीत नागरिकांच्या 'स्वतःच्या' कागदपत्रांना संरक्षण आहे आणि या नोंदी तर कंपनीच्या होत्या. फिरवलेले दूरध्वनी क्रमांक कंपनीला कळतातच, म्हणून त्यांना संरक्षण नाही, असे याच न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले होते. आता सात दिवसांच्या नोंदींना वॉरंट लागेल, एवढेच त्याने सांगितले. मग सहा दिवसांच्या नोंदींचे काय? असे आकडे ठरवणे हे कायदेमंडळाचे काम आहे.

चौकस: कायदेमंडळाची वाट किती पाहायची? तारेवरून चोरून ऐकणे म्हणजे झडती नव्हे, असे न्यायालयाने १९२८ मध्ये ठरवले. ती भूमिका १९६७ मध्ये 'कॅट्झ' खटल्यात सुटली. तेथे एफबीआयने सार्वजनिक टेलिफोन बूथच्या बाहेरच्या बाजूला ध्वनिग्राहक लावला होता. एकटे न्यायमूर्ती ब्लॅक तुमच्यासारखेच शब्दांवर अडून राहिले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने, चोरून ऐकण्याबाबत सविस्तर कायदा केला.

गोदाकाठ: अर्धेच सांगितलेत. काँग्रेसने १९३४ मध्येच दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकून ते उघड करण्यास मनाई केली होती. कायदेमंडळ झोपले नव्हते.

शिरस्तेदार: १९३४चा मुद्दा मान्य, पण 'नोंदी कंपनीच्या' हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो आणि त्यातील उणीव २०१८च्या निकालात विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती गोरसच यांनीच दाखवली आहे. गाडी लावायला किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली म्हणून गाडी त्याची होत नाही. ती त्याच्याकडे ठेव असते. नोंदींनाही हाच न्याय लावता येईल, आणि त्यासाठी १७९१च्या शब्दांना धक्का लावावा लागणार नाही. मात्र कार्पेंटरच्या वकिलांनी हा मुद्दा मांडलाच नव्हता. जिंकूनही त्याच्या पदरी काही पडले नाही: एफबीआयने तेव्हाच्या कायद्यावर सद्भावनेने भिस्त ठेवली होती, म्हणून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला आणि शंभराहून अधिक वर्षांची शिक्षा तशीच राहिली.