'अवजल' म्हणजे नेमकं कुठलं पाणी?

प्रश्नकर्ता : 'कोयनेचे अवजल समुद्रात वाया' असा मथळा वाचला. अवगुण, अवदशा, अवकृपा हे शब्द ओळखीचे, म्हणून विचारतो : हे सांडपाण्याच्या जातीतलं काही आहे का?

रानवारा : नाही हो. इथला 'अव' अवतरण, अवरोह यांतला, म्हणजे खाली येणारा. शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यांतून सह्याद्री पार करून पोफळीच्या वीजगृहात उतरतं आणि टर्बाइन फिरवून बाहेर पडतं, ते अवजल. टर्बाइन पाण्याचा नुसता जोर काढून घेतं, पाणी तेच राहतं. म्हणून तर पोफळीचं अवजल पुढे कोळकेवाडीला अडवून त्यावर पुन्हा वीज करतात.

कराडकडचा : मग धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहाचं काय? तिथली दोन्ही यंत्रं चालू झाली की २,१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी टर्बाइनमधूनच नदीत येतं. पण आमच्याकडे त्याला अवजल म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. बातमीत 'विसर्ग' असतो.

रानवारा : बरोबर पकडलंत. व्याख्येने तेही अवजलच. पण वापरात असं दिसतं की पाणी आपल्याच नदीत सुटलं तर विसर्ग, घाट उतरून परक्या नदीत गेलं की अवजल. कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. विजेसाठी पश्चिमेला नेलेलं पाणी मात्र कोकणातल्या वाशिष्ठीत जातं, त्याला कृष्णा खोरं कायमचं मुकलं. त्यामुळेच कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं.)

चिपळूणवासी : माझा आक्षेप अवजलाला नाही, 'वाया'ला आहे. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती याच पाण्यावर. वीजनिर्मिती थांबली की नदी उतरते आणि आमच्या नळाला लगेच कळतं. खाली खाडीत गोडं पाणी किती येतं त्यावर खारं पाणी किती वर चढणार ते ठरतं, मासळीचंही गणित त्यावरच. हे वाया कसं? आणि बोलताना आम्ही कोणी अवजल म्हणत नाही. 'कोयनेचं पाणी आलं' एवढंच.

प्रश्नकर्ता : शंका फिटली. जाता जाता, कालव्याला 'आवर्तन' सुटतं ते विसर्गापेक्षा वेगळं का?

कराडकडचा : वेगळं. आवर्तन म्हणजे शेतीसाठी ठरल्या पाळीने सोडलेलं पाणी. विसर्गाला पाळी नसते, धरण भरत आलं की रात्री दोनलाही दरवाजे उचलतात.