मदत हवी आहे: जनुकाची जादा प्रत टिकते कशी?

जाणकारांनी जरा समजावून सांगा. जनुकाची नक्कल झाली की एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी सुटते आणि उत्परिवर्तनांतून नवं काम उचलते, ही जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओह्नो यांची 1970ची मांडणी कळली. उदाहरणही पटतं: माणसाच्या एक्स गुणसूत्रावर लाल आणि हिरव्या ऑप्सिनची (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांची) जनुकं शेजारी शेजारी आहेत, प्रथिनं सुमारे 96 टक्के सारखी, आणि रंगातला बहुतेक फरक 180, 277 आणि 285 या तीनच जागांवरच्या अमिनो आम्लांमुळे पडतो.

घोडं अडतंय ते मधल्या काळात. मोकळ्या प्रतीवर नैसर्गिक निवडीचा धाक नसेल, तर ती बिघडून छद्मजनुक (निकामी जनुक) होण्याचीच शक्यता जास्त. मग उपयोगी बदल येईपर्यंत तिला तगवतं कोण? अंटार्क्टिक ईलपाउट माशाचं गोठणरोधी (अंगात बर्फ वाढू न देणारं) प्रथिन सायलिक आम्ल बनवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातून आलं, आणि मूळ विकरातच बर्फाला रोखण्याचा थोडा गुण होता. म्हणजे नवं काम आधी, नक्कल नंतर? की दोन प्रतींनी जुनी कामं वाटून घेणं हाच नेहमीचा मार्ग? (मला हा जास्त पटतो.)

आणि डीएनए क्रमावरून हे ओळखता कसं? अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांच्या दरांचं गुणोत्तर 1च्या आसपास आलं, तर प्रत खरंच मोकळी आहे, की दोन-चार जागांवरची निवड सरासरीत बुडालीय?