ग्रोसरी स्टोअरमधली युनियन, पगारातून पैसे का कापतात?

नवखा_ब्रॅम्प्टनकर: मंडळी, कॉलेज सांभाळून इथे कॅनडात एका ग्रोसरी स्टोअरला पार्ट टाइम लागलोय. पहिल्याच पे-स्लिपवर युनियन ड्यूज कापलेत, मी तर सभासद होईन असं कुणाला बोललो पण नव्हतो. नाही म्हणता येतं का? तास पण जेमतेम ८-१० मिळतात, त्यात हे.

जुना_भिडू: नाही रे, हा रँड फॉर्म्युला. विंडसरच्या फोर्ड संपानंतर १९४६ मध्ये जस्टिस रँडनी निवाडा दिला, की युनियनने कंपनीशी केलेल्या कराराचा फायदा सगळ्यांना म्हणून वर्गणी पण सगळ्यांची, सभासद असो नसो. टॅक्स भरताना वजा होते पण, टी-फोरवर, म्हणजे कंपनी टॅक्ससाठी देते त्या वर्षाच्या पगाराच्या स्लिपवर, ४४ नंबरची चौकट बघ.

बेकरीवाली_ताई: तासांचं सगळं सिनिऑरिटीवर चालतं बाबा, जुन्यांना आधी. चिडचिड होते सुरुवातीला, मला पण झालेली, पण नंतर माझ्या मागून आलेल्या पोराला मॅनेजर जास्त तास द्यायला लागला तेव्हा हीच सिनिऑरिटी कामी आली, स्टुअर्डकडे, म्हणजे दुकानातल्या युनियनच्या प्रतिनिधीकडे गेले, ग्रीव्हन्स म्हणजे रीतसर तक्रार टाकली, तास परत मिळाले. कराराची प्रत मागून घे आणि तारखा वहीत लिहून ठेव, ग्रीव्हन्सला मुदत असते. प्रोबेशन संपेपर्यंत मात्र जरा जपून.

जुना_भिडू: आणि स्टडी परमिट असेल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच, ते युनियन पण वाढवून देणार नाही 😄

नवखा_ब्रॅम्प्टनकर: धन्यवाद ताई, भिडू. आज विचारलं तर फुलांच्या काउंटरवरच्या आजीच स्टुअर्ड निघाल्या, मी रोज नुसतं हॅलो करून जायचो!