अर्जंट! तीन दिवस एकही प्लाक नाही, फाज मेला का?

वैतागलेली_सूक्ष्म
एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, फाज (बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस) आणि बॅक्टेरिया एकाच फ्लास्कात वाढवून दोघं कसे बदलत जातात ते बघायचंय. रोज सकाळी जुन्यातलं थोडं नवीन ब्रॉथमध्ये टाकते. पाचव्या दिवसापर्यंत मस्त प्लाक (फाजने बॅक्टेरिया मारून पाडलेली भोकं) यायचे, आता प्लेटवरचा बॅक्टेरियाचा थर, लॉन, नुसतं सायीसारखं, एक भोक नाही. फ्लास्क पण गढूळच. गुरुवारी प्रेझेंटेशन आहे, फाज परत जिवंत कसा करायचा? गूगल करून झालंय, ते सांगू नका.

खडूस_काका
कुठला बॅक्टेरिया, कुठला फाज, कशावर प्लेट करतेस? जोतिषी समजलीस का आम्हाला.

वैतागलेली_सूक्ष्म
ई. कोलाय, अजून काय असणार. फाज सांडपाण्यातून काढलेला.

ऑटोक्लेव्हवाला
कंटॅमिनेशन. शंभर टक्के. आमच्याकडे असंच झालं होतं, सगळं फेकून पहिल्यापासून कर.

निवांत_मी
१८९६ मध्ये हँकिन नावाच्या साहेबाने दाखवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. आपल्याकडे फाजचं हे आधीपासून माहीत होतं, पण कौतुक परदेशी लोकांचं.

खडूस_काका
हँकिन आग्र्यात असला तरी साहेबच होता की, आपलं कुठून आलं त्यात. आणि फाज हे नाव त्याने नाही, डेरेलने दिलं, १९१७ साली. असो. मुली, कॉलन्या दिसतात कशा?

वैतागलेली_सूक्ष्म
चिकट, शेंबडासारख्या. आधी अशा नव्हत्या.

ऑटोक्लेव्हवाला
बघा! क्लेबसिएला घुसलाय, तो दुसरा चिकट बॅक्टेरिया.

लॅबमधून_पळालेला
असेलही, स्ट्रीक करून टेस्ट लावून बघ. पण फाजसोबत वाढवलेला ई. कोलाय पण असा चिकट होतो, अंगावर साखरेचा जाड थर चढवतो मग फाजला चिकटायची जागाच सापडत नाही. बरं, लॉनला बॅक्टेरिया कुठून घेतेस?

वैतागलेली_सूक्ष्म
पहिलं कल्चर संपलं ना, म्हणून पाचव्या दिवसानंतर फ्लास्कमधलीच कॉलनी उचलून वाढवते. बॅक्टेरिया तेच तर आहेत.

खडूस_काका
अगं तेच नाहीत!! तुझा प्रोजेक्ट काय आहे ते तूच वर लिहिलंयस.

गृहिणी_पण_विज्ञान
थोडं अवांतर, माझं विरजण हल्ली सारखं फसतं, त्यातही फाज असेल का?

लॅबमधून_पळालेला
घरी बहुतेक दूध गार नाहीतर विरजण जुनं असतं ताई. मोठ्या डेअऱ्यांना मात्र फाजचा खरंच त्रास होतो, आणि दह्याच्याच एका बॅक्टेरियाने फाजच्या डीएनएचा तुकडा स्वतःत चिकटवून पुढच्या हल्ल्यातून सुटका करून घेतली हे २००७ मध्ये दिसलं, क्रिस्पर क्रिस्पर म्हणतात त्यातलंच.

ऑटोक्लेव्हवाला
म्हणजे फाज बघून बॅक्टेरिया स्वतःला बदलतो. मग कंटॅमिनेशन नसेल.

खडूस_काका
क्रिस्परमध्ये ठीक आहे, इथे नाही. म्युटंट, म्हणजे बदललेले बॅक्टेरिया, आधीपासून त्या गर्दीत असतात, फाज बाकीच्यांना खातो आणि हे उरतात. लुरिया आणि डेलब्रुकने १९४३ मध्येच हा वाद मिटवलाय.

लॅबमधून_पळालेला
आणि फाज पण गप्प बसत नाही. बॅक्टेरियाच्या उत्क्रांतीवाल्या लेन्स्कींच्या लॅबमधल्या २०१२ च्या पेपरात लॅम्डा फाज आहे, तो लॅम्बी नावाच्या प्रोटीनला धरून आत शिरतो, बॅक्टेरियाने ते दारच जवळजवळ बंद केलं तर ९६ पैकी २४ फ्लास्कांत फाजने ओम्पएफ हे दुसरं दार शोधलं, एकाच जीनमधल्या चार बदलांवर. म्हणून फाज मेला असं आधीच धरू नकोस. फ्लास्कमधलं थोडं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ, डायल्यूट कर आणि मूळ बॅक्टेरियावर टाक. तो मिळव कुठूनही.

वैतागलेली_सूक्ष्म
मॅडमच्या फ्रिजात मागे मूळ बॅक्टेरियाचा एक स्लँट (नळीतलं कल्चर) सापडला!! आजचा फाज त्यावर टाकला तर प्लाकच प्लाक, मोजता येईनात. फ्लास्कमधल्या बॅक्टेरियावर शून्य. टेस्टमध्ये पण ई. कोलायच आला.

ऑटोक्लेव्हवाला
मी फक्त शक्यता सांगितली होती.

लॅबमधून_पळालेला
झकास. पण यातून फक्त बॅक्टेरिया बदलला एवढंच कळलं, फाज बदलला का ते नाही. आता पहिल्या दिवसाचा आणि आजचा, दोन्ही फाज तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवसाच्या बॅक्टेरियावर टाकून बघ. रोज थोडं कल्चर ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेले स्टॉक फ्रीझरमध्ये असतीलच.

वैतागलेली_सूक्ष्म
कुठले स्टॉक?