वायरवाऊंड रेझिस्टर: मल्टिमीटरवर १० ओहम, १ मेगाहर्ट्झला ३२ कसे?

भांडुपचा_गाळा:
नमस्कार मंडळी. आमचा बॅटरी चार्जर दुरुस्तीचा गाळा आहे. एका चार्जरच्या स्नबरमधला (स्विचिंगचे झटके शोषणारं सर्किट) रेझिस्टर जळाला होता. त्याजागी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला १० ओहम, २५ वॅटचा, सोनेरी अॅल्युमिनियम बॉडीचा वायरवाऊंड (तार गुंडाळून केलेला) बसवला, तर स्कोपवर रिंगिंग, म्हणजे झटक्यानंतर उठणाऱ्या लाटा, वाढलं. ओळखीच्या लॅबमध्ये एलसीआर मीटरला (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला एसीचा एकूण अडथळा मोजणारा) लावला: १०० हर्ट्झला १०.०२ ओहम, १०० किलोहर्ट्झला १०.५, १ मेगाहर्ट्झला ३१.८, कोन ७२ अंश! रेझिस्टरची जाड टोकं (लग) मीटरच्या फिक्स्चरच्या खाचेत शिरत नाहीत म्हणून क्लिपच्या वायरी लावल्या. त्या हलवल्या की आकडा अर्ध्या ओहमने सरकतो. मीटर खरं बोलतोय का? गिऱ्हाईक रोज फोन करतंय.

कळवा_लोकल:
क्लिपचे दात घासून पाहा. माझ्याकडे तेच निघालं होतं.

जुना_कॅलिब्रेटर:
क्लिप स्वच्छ असावीच, पण इथे दोष तिचा नाही. ३० वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा रेझिस्टर म्हणजे चिनी मातीवर गुंडाळलेली कॉइल. तुमच्या आकड्यांवरून तिचा इंडक्टन्स (फ्रिक्वेन्सीबरोबर वाढणारा कॉइलचा अडथळा यावरून ठरतो) साधारण ४.८ मायक्रोहेन्री येतो. १०० किलोहर्ट्झला त्याचे ३ ओहम होतात, १० सोबत काटकोनात (वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ) मिळवले की १०.५. १ मेगाहर्ट्झला तेच ३० होतात. दोन्ही आकडे एकाच कॉइलकडे बोट दाखवतात, तेव्हा मीटर खरा आहे.

अर्धा ओहम मात्र वायरींचा. १ मेगाहर्ट्झला तो जेमतेम ८० नॅनोहेन्री, आणि वायर एक सेंटीमीटर वाढली की ८-१० नॅनोहेन्री भरतातच. म्हणून ओपन आणि शॉर्ट करेक्शन (टोकं मोकळी ठेवून आणि मग जोडून घेतलेली मोजणी, जी मीटर वायरींचा वाटा म्हणून वजा करतो) करताना वायरी मोजणीच्या वेळी जशा राहणार तशाच टेबलावर चिकटपट्टीने बसवा. मीटरच्या चार वायरींपैकी करंटच्या दोन वायरींना एकत्र पीळ द्या, व्होल्टेजच्या दोन्हींना वेगळा. शॉर्टसाठी तांब्याची रुंद, आखूड पट्टी घ्या. तिचाही इंडक्टन्स करेक्शनमध्ये वजा होतो. तुमच्या कॉइलपुढे तो किरकोळ, पण ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा अगदी छोट्या ओहमचा रेझिस्टर) मोजताना तोच सगळं बिघडवतो. तिथे २० नॅनोहेन्रीसुद्धा १ मेगाहर्ट्झला शंटपेक्षा मोठे होतात. ही चूक मी चांगल्या चांगल्या इंजिनीअरांना करताना पाहिली आहे, म्हणून जीव तोडून सांगतोय.

रेझिस्टरची धातूची बॉडी मीटरच्या गार्ड टर्मिनलला (भटका करंट मोजणीबाहेर ठेवणारं टोक) जोडण्याचं किलोओहमच्या रेझिस्टरला महत्त्व. १० ओहमला सोडून द्या.

स्नबरमध्ये साधा वायरवाऊंड घालूच नका, त्याच्या कॉइलमुळेच रिंगिंग वाढतं. आयर्टन-पेरी पद्धतीने, म्हणजे इंडक्टन्स जवळजवळ कटावा म्हणून दोन तारा उलटसुलट दिशेने गुंडाळलेला मिळाला तर चालेल. नाहीतर १०० ओहम, ३ वॅटचे मेटल ऑक्साइड दहा नग पॅरलल.

भांडुपचा_गाळा:
काका, दहा नग दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये सोल्डर केले, वायरी चिकटपट्टीने बसवून शॉर्ट पुन्हा घेतला. १ मेगाहर्ट्झला १०.०, कोन एक अंशाच्या आसपास. चार्जरमध्ये रिंगिंग दोन-तीन लाटांत विरतंय. आज रात्रभर पूर्ण लोडवर चालवतो, सकाळी तापमान लिहितो.